लहान हॉलमध्ये जगभरच्या गाण्यानाचाची संध्याकाळ कशी करायची

आमच्या कोथरूडमधल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण मिळून महिन्यातून एकदा संध्याकाळ करतो, कधी बाल्कनमधलं, म्हणजे बल्गेरिया-मॅसेडोनियाकडचं, कधी आयरिश, कधी इराणी, कधी पश्चिम आफ्रिकेतलं, वाजवणारे समोर बसून वाजवतात आणि आलेली माणसं नाचतात. आमच्या सोसायटीत किंवा गावच्या समाजमंदिरात असं करायचं तर सुरुवात कुठून करू, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांबलंय, पण यातलं बरंचसं आम्हाला चुका करून कळलंय, तुम्हाला त्या परत करायला नकोत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, लोकांना उठवून नाचवायचंय. पुण्यात ऐकायची सवय फार मोठी आहे, सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालूय, लोक तासन्‌तास बसून ऐकतात, समेवर मान हलते, आणि ती सवय मला मनापासून आवडते. पण मॅसेडोनियातल्या गावातलं वाजवणं किंवा आयर्लंडमधली रील नावाची नाचाची धून ही पायांसाठी तयार झालेली चीज आहे, ती खुर्चीत बसून ऐकली तर पाच मिनिटांत एकसुरी वाटायला लागते, नाचायला लागलं की तीच धून वीस मिनिटं पुरते. आमच्या पहिल्या वेळी आम्ही खुर्च्या ओळीत मांडल्या. साठ माणसं आली, बसली, प्रत्येक गाण्यानंतर छान टाळ्या वाजवल्या आणि साडेआठला घरी गेली, एकही माणूस उठलं नाही, आणि वाजवणारे दोघं मला म्हणाले की ताई आम्हाला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वेळी खुर्च्या भिंतीला लावल्या, त्याही फक्त पंधरा, बाकीच्या थप्पी करून कोपऱ्यात, मधली सगळी फरशी मोकळी. तेवढ्यानं निम्मं काम झालं.

हॉल बघताना फरशी बघा, भाडं नंतर. कोटा किंवा शहाबादी असेल तर चांगलं, पाय सरकतो पण घसरत नाही. नवीन गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर पायमोजे घालून कुणालाही नाचू देऊ नका, अनवाणीच नाचायचं, आणि टाल्कम पावडर टाकायची आयडिया कुणी सुचवली तर नाही म्हणा, दुसऱ्या दिवशी तिथे बारसं असतं आणि कुणाची तरी आजी घसरते. कुठलीही फरशी असली तरी खाली काँक्रीट आहे, लाकूड नाही, त्यामुळे उड्या मारायचे नाच दोन-तीनच ठेवा, बाकी चालीचे ठेवा, पन्नाशीपुढच्या गुडघ्यांचा विचार करा कारण नेमाने येणारी माणसं बहुतेक तीच असतात.

जागेचा हिशोब सोपा आहे. हात धरून फेर धरला की माणशी साधारण तीन फूट लागतात. वीस माणसांचा फेर म्हणजे साठ फुटांचा घेर, म्हणजे आरपार एकोणीस फूट. आमचा हॉल चाळीस बाय पंचवीसचा, त्यात हा फेर बसतो आणि कडेनं खुर्च्याही राहतात. तीस माणसं झाली की घेर नव्वद फूट, आरपार एकोणतीस, आता भिंती आडव्या येतात. मग दोन उपाय, एक तर आत दुसरा छोटा फेर करायचा, नाहीतर फेर बंदच करायचा नाही, एका टोकाला पुढारी आणि मागे सगळी साखळी, ती नागमोडी फिरत राहते. बाल्कनमध्ये पुष्कळ नाच असे उघड्या साखळीचेच असतात आणि पुढारी हातात रुमाल फिरवत असतो.

त्या रुमालावरून आठवलं. आपल्याकडे अनोळखी माणसाचा हात धरायला लोक बिचकतात, विशेषतः बायका, आणि त्यात चुकीचं काही नाही. आम्ही दारात एका टोपलीत सुती रुमाल ठेवतो, ज्याला हात द्यायचा नाही त्यानं रुमालाचं एक टोक धरायचं आणि शेजारच्यानं दुसरं. कुणाला कारण सांगावं लागत नाही. जोडीच्या नाचात हे चालत नाही, तिथे मग टँगोवाल्यांची पद्धत आधीच सांगून टाका. अर्जेंटिनातल्या टँगोच्या संध्याकाळीत, ज्याला ते मिलोंगा म्हणतात, नाचायला बोलावणं नजरेनं होतं, लांबून बघायचं, समोरच्यानं मान हलवली तरच उठून जायचं, नजर वळवली तर विषय संपला, चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही. आम्ही हे प्रत्येक वेळी माइकवर सांगतो, नवीन लोक असोत नसोत, आणि एकदा नाही म्हटल्यावर परत विचारणाऱ्याला आमच्यातलं कुणीतरी जाऊन बाजूला घेतं. हे नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. मुली एकट्या यायला लागल्या की समजा हॉल नीट चालतोय.

आता माणसं कुठून आणायची. परदेशातून ग्रुप बोलवायचा विचार सध्या सोडून द्या, तुमच्याच शहरात सगळं आहे. पुण्यात इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतली मुलं शिकायला आहेत, त्यांच्यात डफ वाजवणारा, गाणारी, नुसता पाय माहीत असलेला कुणी ना कुणी असतो. कॉलेजांच्या इंटरनॅशनल सेलला पत्र द्या, स्वतः जाऊन भेटा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकणारी मुलं, जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन, फ्रेंच शिकवणारं आलियान्स फ्रान्सेज, ह्या ठिकाणच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून बघा. साल्सा-टँगोचे क्लास आहेत. मिझोराम, मणिपूर, नागालँडची मुलं आहेत, आणि त्यांना परदेशी समजून बोलवू नका, पण त्यांचे नाच ह्या संध्याकाळीत अगदी फिट बसतात. मिझोरामचा चेरॉ, म्हणजे जमिनीवर आडवे बांबू आपटत त्यातून पाय काढायचे, आणि फिलिपिन्समधला टिनिकलिंग, हे एका संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवले तर लोकांचे डोळेच विस्फारतात.

पण सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाजवणारा नाही, शिकवणारा आहे. म्हणजे ज्याला दहा मिनिटांत पन्नास लाजऱ्या माणसांना पाय शिकवता येतो. आम्ही सुरुवातीला चांगले नर्तक आणले, त्यांना स्वतःला सुरेख नाचता यायचं पण शिकवताना लोक बघतच बसायचे. मग आमच्या गल्लीतल्या मंगळागौरीच्या ग्रुपमधल्या एक काकू आल्या, साठीच्या, आणि त्यांनी एका रात्रीत चित्र पालटलं. झिम्मा, फुगडी, पिंगा खेळवणाऱ्या बायकांना हे आयुष्यभर माहीत असतं, लाजणारीला कसं ओढायचं, कुणाला ओढायचं नाही, दमलेली कोण, ठेका तुटला तर तोंडानं कसा धरायचा. त्यांना बल्गेरियन नाच आधी आठवडाभर शिकवा आणि माइक त्यांच्या हातात द्या. शाळेत लेझीम घेणारे पीटीचे सर भेटले तर तेही सोनं. ढोल-ताशा पथकातली मुलंही ठेक्याला पक्की असतात, फक्त गणपतीच्या आधीचे दोन महिने ती सरावात असतात तेव्हा त्यांची आशा ठेवू नका.

शिकवायचं कसं ते एक उदाहरण घेऊन सांगते कारण इथेच मजा आहे. मॅसेडोनियाचा लेस्नोतो नावाचा साधा फेर आहे, सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. परदेशी शिक्षक तो 'स्लो, क्विक, क्विक' असा मोजून शिकवतात आणि आपली माणसं गोंधळतात. अहो पण तीन-दोन-दोन म्हणजे आपला रूपक ताल! तोंडानं म्हणा, ती ती ना, धी ना, धी ना. पाय असा, पहिल्या आवर्तनात उजवा पाय उजवीकडे, मग डावा त्याच्या पुढून आडवा, दुसऱ्या आवर्तनात उजवा टेकवायचा आणि डावा गुडघ्यातून हलका उचलायचा, तिसऱ्यात डावा टेकवायचा आणि उजवा उचलायचा, झालं, परत पहिल्यापासून. तीन आवर्तनांचा पाय आहे आणि धून बहुतेक वेळा चारच्या हिशोबात चालते, त्यामुळे धून आणि पाय सुटत सुटत पुन्हा जुळतात, ते घाबरू नका असं आधीच सांगा नाहीतर शंभरदा विचारतात की आम्ही चुकलो का.

आणि तबलजीला एक सांगून ठेवा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपल्या रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची असते, तिच्यावर डग्ग्याचा घुमारा नसतो. बाल्कनमधल्या नाचात उलट, त्यांचा मोठा ढोल, तापान, एका बाजूला जाड दांडकं आणि दुसऱ्या बाजूला बारीक काडी, आणि जाड दांडक्याचा ठोका नेमका पहिल्या मात्रेवर. आमच्या तबलजीनं सवयीनं ठेका धरला तर पन्नास माणसं चौथ्या मात्रेला पहिली समजून नाचायला लागली. तेव्हा सरळ सांगा की पहिलीवर भरपूर डग्गा दे. सात जमलं की पुढे नऊ मात्रांचा नाच घ्या, डायचोव्हो, दोन-दोन-दोन-तीन, आणि मग अकरा, कोपानित्सा, दोन-दोन-तीन-दोन-दोन. अकरा ऐकून लोक आधी हसतात, पण मधलं ते तीन आलं की अंग आपोआप थबकतं, आणि ते एकदा जमलं की कुणी खाली बसायला तयार नसतं.

आयरिश संध्याकाळ सगळ्यात सोपी जाते, पहिली करायची असेल तर हीच करा. जिग नावाची धून सहा मात्रांची, आपल्या दादरा तालामुळे कानाला ओळखीची, रील चार मात्रांची. धुनांची बांधणीही सरळ, आठ आवर्तनांचा एक भाग दोनदा, मग दुसरा आठ आवर्तनांचा भाग दोनदा. वॉल्स ऑफ लिमरिक नावाचा नाच घ्या, दोन जोड्या समोरासमोर, पुढे-मागे, जागांची अदलाबदल, गिरकी, आणि मग पुढच्या जोडीकडे सरकायचं, त्यामुळे अर्ध्या तासात हॉलमधला प्रत्येक जण प्रत्येकाला भेटलेला असतो. ह्या नाचाला मी फार मानते, आमच्या हॉलमधल्या कितीतरी ओळखी त्यातल्याच. हार्मोनियमवाला असेल तर त्याला आधी सांगा की ह्या धुना बहुतेक पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये असतात, आणि बासरी-फिडलवाल्यांना (फिडल म्हणजे व्हायोलिनच) ए ४४० चा, म्हणजे जगभर ठरलेला, सूर लागतो, जुनी पेटी थोडी चढी-उतरी असू शकते, तेव्हा आदल्या दिवशी मोबाइलवरच्या ट्यूनरनं तपासून घ्या. पेटी, अकॉर्डियन, टँगोतलं बँडोनियन, माउथ ऑर्गन ही एकाच कुळातली भावंडं, सगळ्यांच्या आत हवेनं थरथरणारी धातूची पट्टी, म्हणून पेटी ह्या संगीतात परकी वाटत नाही, बिनधास्त घ्या.

बसवायचं कुठे? स्टेज असलं तरी वाजवणाऱ्यांना स्टेजवर बसवू नका. खाली, फरशीवर, नाचणाऱ्यांच्याच पातळीवर. वारल्यांच्या तारपा नाचात तारपेवाला मधे असतो आणि फेर त्याच्याभोवती फिरतो, त्याची चाल बदलली की पाय बदलतात. वाजवणाऱ्याला पाय दिसले पाहिजेत, लोक दमलेत की पेटलेत हे त्याला कळलं पाहिजे, आणि नाचणाऱ्याला त्याचा चेहरा. आम्ही एका लांब भिंतीच्या मध्यावर सतरंजी टाकून बसवतो.

साउंडवर थोडं जास्त लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. मांडववाल्याला फोन केला की तो सवयीनं दोन टॉप, म्हणजे साधे स्पीकर, आणि दोन बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज देणारे मोठे स्पीकर, घेऊन येतो. बेस परत पाठवा. साठ माणसांच्या हॉलला स्टँडवरचे दोन टॉप, एक आठ चॅनलचा मिक्सर आणि तीन-चार माइक पुष्कळ होतात. बेसचा आवाज भिंतीतून आरपार जातो, गाणं कुणाला ऐकू जात नाही पण शेजाऱ्याच्या कपाटाची काच थरथरते आणि तक्रार तिथूनच येते. आमचा नियम साधा आहे, ग्रुपमधलं सगळ्यात हळू आवाजाचं वाद्य शोधायचं, पश्चिम आफ्रिकेतलं तारांचं वाद्य कोरा असेल, संतूर असेल, बासरी असेल, त्यालाच फक्त माइक द्यायचा, आणि बाकीच्यांनी ते वाद्य ऐकू येत राहील इतकंच वाजवायचं. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला हातानं वाजवायचा ढोल, अकॉर्डियन, आपला ढोल, ह्यांना छोट्या हॉलमध्ये माइक लागतच नाही. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवलेत की कुई होणारच. शिकवणाऱ्या काकूंना डोक्याला लावायचा माइक मिळाला तर बघा, हात मोकळे हवेत. नाचायच्या जागेतून एकही वायर जाऊ देऊ नका, भिंतीच्या कडेनं फिरवून आणा आणि कापडी टेपनं चिकटवा. प्लगला अर्थिंग आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, स्पीकरमधून सतत घूं आवाज येत असेल तर बऱ्याचदा तिथेच गोम असते. आणि पंखे, पंख्याचा वारा माइकवर आला की भर्रर्र आवाज येतो, वाजवणाऱ्यांच्या डोक्यावरचा तेवढा बंद ठेवा.

हॉल घुमत असेल, आणि आपले हॉल घुमतातच, तर महागडं काही करू नका. घरोघरच्या गोधड्या, घोंगड्या, जुने जाड पडदे गोळा करा आणि वाजवणाऱ्यांच्या समोरच्या भिंतीवर दोरी बांधून टाका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दर महिन्याला चार घोंगड्या देतात आणि परत देताना झटकून, घडी घालून द्यायच्या हे ठरलेलं आहे.

ह्याच आजींमुळे शेजाऱ्यांचं प्रकरण आम्ही शिकलो. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात आम्ही दुपारी दोन वाजता साउंड चेक लावला, आजींना बरं नव्हतं, त्या नुकत्या झोपल्या होत्या, त्यांचा मुलगा खाली आला आणि फार बोलला, आणि बरोबर बोलला. तेव्हापासून दुपारी एक ते चार आमच्या हॉलमध्ये माइकला हात लावत नाहीत. दर वेळी आठ दिवस आधी आजूबाजूच्या प्रत्येक घरी जाऊन, बेल वाजवून, तोंडानं सांगायचं, तारीख ही, वेळ ही, साडेनऊला बंद म्हणजे बंद, आणि हा माझा नंबर, आवाज जास्त झाला तर मला फोन करा. मेसेज पाठवून चालत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतील तर तो महिना सोडून द्या.

कायदा थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा, रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट ह्यांच्याभोवती निदान १०० मीटरचं शांतता क्षेत्र असू शकतं. रात्रीच्या बंदीतून बंद सभागृहाला आतल्या आत वापरासाठी सूट आहे, पण खिडक्या उघड्या टाकून नाचलात तर ते बंद सभागृह राहत नाही, म्हणून आम्ही सूट वगैरे धरतच नाही, साडेनऊला शेवटचं गाणं संपतं. तिकीट लावणार असाल तर आधी पोलीस चौकीत जाऊन विचारा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, हॉलच्या ट्रस्टचंही लेखी परवानगीपत्र जवळ ठेवा.

गाण्यांच्या हक्काचं लोक विसरतात. पारंपरिक धून, जिचा कर्ताच माहीत नाही, ती मोकळी. पण कुणाची रचना असेल तर आपल्या कायद्यात रचनाकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, आणि लाइव्ह वाजवण्यासाठी आयपीआरएस ह्या रचनाकारांच्या संस्थेचं, रेकॉर्ड लावणार असाल तर पीपीएल ह्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संस्थेचं लायसन्स बघावं लागतं. हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर रचना सादर केली तर त्याला कायद्यात सवलत आहे, म्हणून सुरुवातीचे महिने तिकीट न लावणं बरं पडतं. आणि एक फार नाजूक गोष्ट, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला पैसे घेऊन काम करता येत नाही. तुम्ही प्रेमानं पाकीट द्याल आणि अडचणीत ते पोर येईल. त्यांना आधी कॉलेजला विचारू द्या, आणि आपण जेवण, येण्याजाण्याची रिक्षा, एक चांगली साडी किंवा शाल एवढ्यावर थांबा. इथल्या कलाकारांना मात्र मानधन द्याच, थोडं असलं तरी द्या, त्याच संध्याकाळी हातात द्या. नंतर देतो म्हणून तंगवणारे आयोजक पुष्कळ आहेत, त्यांच्यात आपलं नाव नको.

पैशाचं गणित आमचं असं चालतं, हॉलचं भाडं, डिपॉझिट, लाइट, साउंड, मानधन आणि सफाईच्या मावशी, एवढे खर्च. लाइटबिल मीटरवर असेल तर आल्या आल्या रीडिंगचा फोटो काढा, जाताना परत काढा. सुरुवातीला आम्ही दहा जणांनी मिळून वर्गणी काढली आणि दाराशी डबा ठेवला, ज्याला जे वाटेल ते. डब्यातून हॉलचं भाडं साधारण निघतं. स्पॉन्सर शोधू नका इतक्यात, एकदा बॅनर लागला की भाषणं येतात, भाषणं आली की नाचायचा अर्धा तास गेला.

तारीख ठरवताना महिन्याचा ठरावीक वार धरा, आमचा दुसरा शनिवार, लोकांना कॅलेंडर बघावं लागत नाही. गुरुवार टाळा, आपल्याकडे पाणी बंद आणि लाइटची कामं बरेचदा गुरुवारीच निघतात. गणपती, नवरात्र, डिसेंबरातले सवाईचे दिवस सोडा. २१ जूनला जागतिक संगीत दिन असतो, फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला, २९ एप्रिलला नृत्य दिन, आणि मार्चच्या विशीत इराणी नवं वर्ष नौरोज, जे आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं, ह्या तिन्ही निमित्तानं छान गर्दी होते. पावसाळ्यात मात्र कातड्याची वाद्यं हाल करतात, जेंबे असो, आयरिश बोधरान असो की आपली ढोलकी, दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. साध्या पिवळ्या बल्बचा एक टेबल लँप बरोबर ठेवा, लांबून हळूहळू शेक द्यायचा, घाई केली तर कातडं फाटतं.

संध्याकाळ कशी लावायची तर सहाला दार उघडायचं, साडेसहाला शिकवणं सुरू, पाचच माणसं आली असतील तरी सुरू, सातला लाइव्ह, आठला वीस मिनिटं सुट्टी, मग परत साडेनऊपर्यंत. पहिला नाच सगळ्यात सोपा आणि लांब ठेवा, मध्ये एक नुसतं ऐकायचं गाणं ठेवा म्हणजे श्वास घेता येतो, आणि सुट्टीनंतर लगेच आपलं काहीतरी, फुगडी, कोळीनाच, लेझीम. हे शेवटचं आधी आम्ही करत नव्हतो. मग एकदा एका अफगाणी मुलीनं विचारलं की तुम्ही आमचं सगळं शिकता, तुमचं कधी शिकवणार, आणि काकूंनी तिला तिथेच फुगडी घातली, दोघी अशा फिरल्या की हॉल थांबून बघत राहिला. पाहुण्यांना नुसतं वाजवायला बोलावून पाठवून देणं बरं नाही, त्यांच्या हातातही काही पडायला हवं.

ओळख करून देताना नीट द्या. आफ्रिकन डान्स असं म्हणू नका, आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, सेनेगल का गिनी का काँगो ते विचारा, गाव, भाषा, गाणं कशाबद्दल आहे ते विचारा. काही धुना शोकाच्या असतात, काही प्रार्थनेच्या, त्यावर नाचायचं का हे तेच सांगतील, आपण ठरवायचं नाही. वर्ल्ड म्युझिक हे नावसुद्धा १९८७ साली लंडनमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातल्या कप्प्यासाठी ठरवलेलं, त्यामुळे पोस्टरवर तेवढंच लिहू नका, कुठल्या देशाचं ते लिहा. पोस्टर मराठीत करा आणि खाली मोठ्या अक्षरात, नाचता येत नसलं तरी या, शिकवलं जाईल. ही एक ओळ घातल्यापासून किराणा दुकानाच्या काचेवरचं पोस्टर बघून येणारी माणसं वाढली. व्हिडिओ काढायचा तर कलाकाराला आधी विचारा, आणि नाचणाऱ्यांचे चेहरे न विचारता कुठेही टाकू नका.

खायला हलकं ठेवा, सुट्टीत भेळ किंवा इडली, आणि प्यायला कोकम सरबत, ताक, भरपूर पाणी. पिठलं-भाकरी नाच संपल्यावर, वाजवणाऱ्यांबरोबर बसून. दारू नकोच, हॉलचे नियम आहेतच पण लहान मुलंही नाचत असतात. क्रेप बँडेज, बर्फ, ओआरएसची पाकिटं एका पिशवीत ठेवा, मागचं दार कुलूप न लावता ठेवा, आणि दिवे मंद करा पण इतके नाही की पाय दिसणार नाहीत. शेवटच्या बसची आणि मेट्रोची वेळ बघून माइकवर सांगा, एकट्या जाणाऱ्या मुलींना त्याच दिशेचं कुणीतरी जोडून द्या.

पहिल्या दोन-तीन वेळा बाराच माणसं आली तरी बंद करू नका. बारा माणसांचा फेर खूप छान होतो, आरपार जेमतेम साडेअकरा फूट, सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि वाजवणारा अगदी मधे बसू शकतो. निघताना झाडून घ्या, मीटरचा फोटो काढा, आजींच्या घोंगड्या वर पोचवा आणि दारावरच्या फळ्यावर पुढच्या महिन्याची तारीख आणि देशाचं नाव खडूनं लिहून मग कुलूप लावा.